दर शनिवारी एक रेकॉर्ड

शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे जबडे त्याला तोंडपाठ होते, पण त्यातलं एखादं माणूस रस्त्यात समोर आलं असतं तर त्याने ओळखलं नसतं. तो कवळ्या बनवायचा. समोरच्या इमारतीत दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायच्या, त्यावरून ओतलेले प्लास्टरचे साचे डब्यात घालून त्याच्याकडे पाठवायच्या, आणि तो गुलाबी मेणात एकेक दात बसवत कवळी तयार करून परत धाडायचा. पेशंट त्याला कधी दिसायचे नाहीत, आणि असा कुणी माणूस असतो हे पेशंटच्या गावीही नसायचं. हा उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा, असं तो म्हणायचा. म्हणायचा म्हणजे मनातल्या मनात. ऐकायला खोलीत दुसरं होतं कोण?

बायको सहा वर्षांपूर्वी निघून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही. "तू घरात असलास काय, नसलास काय, मला कळतच नाही," एवढंच म्हणाली. ते खरंच होतं. तेव्हापासून खाली कामाची खोली आणि वर राहायची खोली, एवढ्यात त्याचं जग आटपायचं. रविवारी ताईचा फोन यायचा, तोही आठ-दहा मिनिटांत उरकायचा. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, पण तो त्याने मुद्दाम दुरुस्त केला नव्हता. टपटप ऐकू आली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

कामात मात्र हयगय नाही. प्रत्येक जबड्याचा एक साचा तो फळीवर राखून ठेवायचा, आणि कवळी पूर्ण झाली की त्या साच्याच्या बुडावर पेन्सिलीने तारीख घालायचा. कवळी परत आली तर ती तारीख खोडायची आणि नवी झाली की खाली नवी घालायची. ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला त्यांनी लावलेली ही सवय. बावीस वर्षांत हात इतका सरावला होता की तारीख घालताना त्याचं लक्षही नसायचं.

एक साचा असा होता की त्याच्या बुडावर तीन तारखा खोडून झाल्या होत्या. तिसऱ्यांदा परत आलेल्या कवळीबरोबर डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती. 'कवळी छान बसते. खाता येतं, बोलता येतं. पण पेशंट ट्रम्पेट वाजवतात, आणि ते म्हणतात की या दातांनी वाजवणं जमत नाही. माझं डोकं चालेनासं झालंय. तुम्हीच एकदा जाऊन या.'

तीन वेळा परत म्हणजे त्याच्या कामाला बट्टाच होता. शनिवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, ती कवळी बरोबर घेऊन, चिठ्ठीवरच्या पत्त्यावर, दोन जिने चढून तो गेला.

दार एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने उघडलं. तोंडात दात नव्हते.

"डॉक्टरांकडून का?"

"नाही. म्हणजे हो. मी दातवाला."

"अच्छा, म्हणजे ते तुम्ही." म्हाताऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "या, दातवाले. बसा."

खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. टेबलावर मऊ फडक्यावर ट्रम्पेट ठेवलेला. आणि एक अख्खी भिंत रेकॉर्डनी भरलेली, उभ्या, दाटीवाटीने. म्हाताऱ्याने कवळी तोंडात घातली, ट्रम्पेट ओठांना लावला आणि फुंकला. किटलीतून वाफ सुटावी तसा आवाज आला.

"बघितलंत? खायला दात उत्तम आहेत हो. पण मला ट्रम्पेट खायचा नाहीये."

मग त्यांनी घोडं कुठे अडलंय ते सांगितलं. त्यांचा एक पियानोवाला दोस्त होता. चाळीस वर्षं दोघं बरोबर वाजवत आले होते. बाकीचे साथीदार एकेक करून गेले, हे दोघे उरले. आता पियानोवाला दूरच्या शहरात मुलीकडे कायमचा राहायला निघाला होता. पियानो इथेच ठेवून. निघण्याच्या आदल्या रविवारी, बरोबर दहा आठवड्यांनी, दोघं शेवटचं एकत्र वाजवणार होते.

"दात काढले त्याला चार महिने झाले. ओठ ढिले पडलेत. बरोबर दात मिळाले की ओठ परत तयार व्हायला मला सहा आठवडे लागतात. म्हणजे तुमच्या हातात चार. हिशोब सोपा आहे."

"पण तुम्हाला हवंय कसं, काका? कुठे टोचतंय, कुठे दाबतंय?"

"टोचत नाही, दाबत नाही. सूर निघत नाही. आणि तो कसा निघायला हवा हे तुम्हाला कळल्याशिवाय दात कसे बनवणार? जाझ ऐकता?"

"नाही."

"अजिबात?"

त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मोठ्या हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजतं, ते का?"

काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले, पलंगाखालून एक छोटी पेटी ओढून काढली. झाकण उघडलं की आत रेकॉर्ड लावायची तबकडी. भिंतीकडे जाऊन, बोट न अडखळता त्यांनी एक रेकॉर्ड काढली.

"ही पेटी घरी न्या. आणि ही निळी. तिघंच आहेत. पियानो, ढोल आणि तो मोठा तंतुवाद्यवाला. ट्रम्पेट नाही. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी खोल पाण्यात ढकलायचं नसतं. दिवसाला एकच बाजू ऐकायची. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त त्या जाड तारांकडे लक्ष द्या. आणि तिसऱ्यांदा, जो त्या वेळी वाजवत नसेल त्याला ऐका."

"जो वाजवत नाही त्याला ऐकायचं कसं?"

"म्हणून तर आधी दोनदा ऐकायचं. पुढच्या शनिवारी परत घेऊन या, दुसरी देतो."

निळी पहिल्या दिवशी त्याच्या डोक्यावरून गेली. तिघं तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवताहेत असं वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी त्याने जाड तारांचं बोट धरलं आणि बरा चालत गेला. तिसऱ्या संध्याकाळी पियानो मध्येच थांबला, आणि थांबलेलाच राहिला, आणि उरलेले दोघं त्याच्यासाठी जागा राखून वाजवत राहिले. तेवढ्यात नळ टपकला. त्याला इतका राग आला की त्याने उठून पाना शोधला आणि सहा वर्षं गळणारा नळ दहा मिनिटांत दुरुस्त केला.

रविवारी ताई म्हणाली, "मागे काय वाजतंय रे?"

"जाझ."

"बरा आहेस ना तू?"

"हो गं. बरा आहे." आणि ते खरं आहे हे त्याचं त्यालाच ऐकताना कळलं.

दुसऱ्या शनिवारी काकांनी खुर्चीवाली दिली. काकांकडे कुठल्याच रेकॉर्डला तिच्या नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. कव्हरवर रिकामी खुर्ची म्हणून खुर्चीवाली. तिच्यात एक सॅक्सोफोनवाला अख्खी बाजू एकच धून उलगडत जायचा. "हा माणूस बोलताना फार घोळ घालतो, पण त्याला मध्ये तोडायचं नाही," काका म्हणाले. चहा झाला, बिस्किटं झाली. काका कवळीशिवाय बिस्किट चहात बुडवून खायचे आणि तेव्हा दातवाल्याकडे असं बघायचे की तो कानकोंडा व्हायचा. मग स्वतःच हसायचे.

"तो माझा साचा तुमच्याकडे असतो म्हणे. आणा की एकदा. इतकी वर्षं तोंड घेऊन फिरलो, आतून कसं दिसतं बघू तरी."

"आणतो, काका."

तिसरी रेकॉर्ड म्हणजे दमेकरी. हिच्यात ट्रम्पेट होता, पण तोंडाशी टोपण लावलेला, बारीक, अगदी कानाशी येऊन बोलणारा. आणि प्रत्येक सुराच्या आधी श्वास ऐकू यायचा. चौथ्यांदा ऐकताना त्याच्या ध्यानात आलं की तो नुसता श्वास नव्हता. सूर सुरू व्हायच्या आधी हवेची एक बारीकशी झुळूक पुढे निघून जायची, दाराच्या फटीतून यावी तशी. फट. तो खुर्चीत ताठ बसला.

पुढच्या शनिवारी त्याने गेल्या गेल्या भिंतीवरचा जुना फोटो निरखला. त्यात विशीतले काका दात काढून हसत होते, आणि पुढच्या दोन दातांमध्ये चांगली तांदळाच्या दाण्याएवढी फट होती.

"काका, ही फट होती तुम्हाला?"

"होती की. शाळेत पोरं खिडकी म्हणून चिडवायची. का?"

"काही नाही. सहज."

त्याने तीन वेळा काय केलं होतं? दात ओळीने, एकाला एक चिकटवून, देखणे बसवले होते. ती खिडकीच लिंपून टाकली होती. घरी येऊन तो कामाला लागला. पुढचे दोन दात एकमेकांपासून दूर सरकवले, डावा कणभर पुढे काढला, मागची बाजू घासून पातळ केली. गुरुवारी दुपारी कवळी पूर्ण झाली. दिव्यासमोर धरली तेव्हा फटीतून उजेडाची उभी रेघ दिसली. ही परत येणार नाही, हे त्याला साचा उलटा करताना कळून चुकलं होतं. हाताने तारीख घातली.

हा चौथा आठवडा होता. काकांच्या हिशोबात अगदी वेळेवर.

शनिवारी कवळी डबीत घालून, डबी खिशात घालून तो दोन जिने चढला. काकांनी चहा टाकलेलाच होता. टेबलावर पुढची रेकॉर्ड काढून ठेवलेली. "ही भांडकुदळ. दोन सॅक्सोफोन आहेत, एकमेकांचं एक ऐकून घेत नाहीत. पण नीट ऐकलंत तर कळेल, दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही." बोलता बोलता काकांनी त्याच्या कपात साखर घातली. दोन चमचे. विचारलं नाही. त्याला दोन लागतात हे त्यांच्या ध्यानात राहिलं होतं.

कवळी दिली की काम संपलं. मग पुढच्या शनिवारी इथे यायचं कशासाठी? दातवाल्याने खिशातल्या डबीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"जमतंय का काही?" काकांनी विचारलं.

"खटपट चालू आहे," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी नक्की, असं त्याने जिना उतरताना ठरवलं. वाजवणारी माणसं थोडं फुगवून सांगतात, सहा आठवडे म्हणजे चार धरायचे, असंही स्वतःला समजावलं. मग सहाव्या शनिवारी एका गाणाऱ्या बाईची रेकॉर्ड मिळाली, जी ऐकून तो एकटाच खुर्चीत बसून रडला आणि त्याला फार बरं वाटलं. सातव्या शनिवारी बाजार मिळाली, सोळा माणसं एकदम वाजवणारी. दर वेळी डबी खिशात असायची. दर वेळी काका विचारायचे, दर वेळी तो खटपट चालू असल्याचं सांगायचा. माणूस वाईट नव्हता. पण सहा वर्षांत कुणी त्याची वाट बघत चहा टाकला नव्हता, आणि आता टाकत होतं.

आठव्या शनिवारी टेबलावर फडकं होतं, ट्रम्पेट नव्हता. तो कपाटावर, पेटीत बंद करून ठेवलेला दिसला.

"रोज समोर बघून उगाच जीव जळतो," काका म्हणाले, आणि त्यांनी पुढची रेकॉर्ड काढली. ती कुठली, कशी ऐकायची, हे त्या दिवशी ते सांगायचं विसरले.

त्या आठवड्यात त्याने शनिवारची वाट पाहिली नाही. बुधवारी त्याने हातातलं काम टाकलं, डबी घेतली, काकांनी मागितलेला साचा फळीवरून काढून कागदात गुंडाळला आणि निघाला.

"आज शनिवार नाही," दार उघडून काका म्हणाले.

"झाली कवळी."

काकांनी ती तोंडात बसवली, जीभ फिरवली, फटीपाशी थांबवली. मग खुर्चीवर चढून ट्रम्पेट खाली काढला. आधी ती बारीक झुळूक आली आणि तिच्या मागोमाग सूर आला, स्वच्छ, गोल, अख्ख्या खोलीभर. काकांनी तो धरून ठेवला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, अर्धी धून झाली, आणि ओठांनी दगा दिला. सूर फाटला. त्यांनी ट्रम्पेट मांडीवर ठेवला. डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते, फोटोतल्यासारखे, खिडकीसकट.

"हेच ते. अहो दातवाले, हेच. कसं जमवलंत?"

"दमेकरी ऐकून."

"कान आहे तुम्हाला. मी म्हणतच होतो." त्यांनी ओठांवरून हात फिरवला. "आता अडीच आठवडे उरलेत. पुरं वाजवणं काही व्हायचं नाही. जरा आधी झालं असतं तर... पण असो. तुम्ही तरी काय करणार? तुम्ही तर जिवाचं रान करत होता."

तेव्हाच बोलायला हवं होतं, हे त्याला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. पण तो बोलला नाही, आणि काकांनी कागदाचं पुडकं उचललं.

"हा मी का? काय भयंकर दिसतोय." त्यांनी साचा डोळ्यांजवळ नेला, फिरवला, उलटा केला. "हे काय लिहिलंय?"

"तारखा. कवळी पूर्ण झाल्याच्या."

"या तीन खोडलेल्या?"

"परत आलेल्या."

"आणि ही न खोडलेली?"

काका अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागले. एकदा मोजली. पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग साचा अगदी हळू टेबलावर ठेवला.

"चार शनिवार खिशात होती?"

"हो."

"का हो?"

"कवळी दिली असती तर... माझं इथे येणं बंद झालं असतं."

काकांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बंद झालं असतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

ही शक्यता त्याच्या मनाला शिवलीच नव्हती. दोन जिन्यांवरच्या या खोलीतही दुसरी खुर्ची शनिवारशिवाय रिकामीच असते, हे त्याने आठ वेळा त्या खुर्चीत बसूनही पाहिलं नव्हतं.

काका उठले. कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा मोठा खोका ओढला आणि भिंतीवरून रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. एक काढायचे, कव्हर बघायचे, विचार करायचे, खोक्यात ठेवायचे. कधी ठेवलेली परत काढून दोन रेकॉर्ड मागे सारायचे. अर्धा तास त्यात गेला. तो उभाच होता.

"नवीन माणसाने कुठली कुठलीनंतर ऐकावी, तसा क्रम लावलाय. मोडू नका. मधल्या चार-पाच अवघड आहेत, तिथे सोडून द्यावंसं वाटेल, सोडू नका. शेवटी सोप्या आहेत."

"एवढ्या, काका?"

"दर शनिवारी एक द्यायची होती. आता सगळ्या एकदम न्या." त्यांनी खोक्याची झाकणं एकात एक अडकवली. "आणि परत करायला येऊ नका."

दोन जिने खोका छातीशी धरून उतरताना त्याला पायऱ्या दिसत नव्हत्या.

दोघं शेवटचं वाजवणार होते त्या रविवारी त्याला कुणी बोलावलं नव्हतं. जागा मात्र त्याला ठाऊक होती. काकांनी चहा पिता पिता दहादा सांगितली होती. बंद पडलेल्या वाद्यांच्या दुकानामागची खोली, रस्त्याकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या. तो समोरच्या फुटपाथवर, एका झाडाला पाठ लावून उभा राहिला. खिडकीतून पियानोवाल्याचं टक्कल दिसत होतं आणि सात-आठ माणसांच्या पाठी. काका दिसत नव्हते.

पियानो सुरू झाला. मग ती झुळूक आली. रस्त्यावरून एक सायकल गेली, दोन बायका बोलत गेल्या, पण त्याला ती नेमकी ऐकू आली, त्याने स्वतःच्या हाताने दोन दातांमध्ये ठेवलेल्या जागेतून आलेली. तिच्या मागून सूर आला. ट्रम्पेट पहिली धून वाजवत गेला, सावकाश, जपून, आणि ती पुरी झाली. आत टाळ्या वाजल्या. दुसरी सुरू झाली. निम्म्यावर सूर थरथरला, पुन्हा सावरला, पुन्हा थरथरला, आणि थांबला.

पियानो थांबला नाही. त्याने ट्रम्पेटची जागा भरूनही काढली नाही. जिथे जिथे ट्रम्पेट आला असता तिथे तिथे तो हात आखडता घेत होता, चाळीस वर्षांच्या सवयीने, आणि ती जागा रिकामी ठेवून पुढे जात होता.

दातवाल्याने झाडाला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. कसं ऐकायचं ते त्याला आता येत होतं. धून संपेपर्यंत तो, जो वाजवत नव्हता त्याला ऐकत उभा राहिला.